बंद पडलेल्या एफएम केंद्राची गोष्ट : मुंबईचं ‘विन ९४.६’ आणि आपला बुलढाणा जिल्हा



आजचा पाठ सुरू करण्याआधी एक छोटा प्रयोग करा. घरात जुना रेडिओ असेल तर तो काढा. नसेल तर एफएमची सोय असलेला मोबाइल घ्या आणि त्याला हेडफोनची वायर जोडा, कारण ती वायरच ॲंटेनाचं काम करते. आता आकडा ८८ पासून १०८ पर्यंत हळूहळू सरकवा. मध्ये मध्ये आवाज येईल, पण बराच वेळ नुसती खरखर ऐकू येईल.

ही खरखर म्हणजे रिकामी जागा. काही रिकाम्या जागांवर कधीच कोणी बोललेलं नसतं. काही जागांवर मात्र एके काळी सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी, गप्पा, जाहिराती चालू असत आणि एक दिवस ते सगळं थांबलं. आज आपण अशाच एका केंद्राचा अभ्यास करणार आहोत. त्याचं नाव ‘विन ९४.६’. ते मुंबईचं होतं. मुंबईचं केंद्र बुलढाण्यात बसून का शिकायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचं उत्तर पाठाच्या शेवटच्या भागात मिळेल.

१) आधी थोडं विज्ञान : एफएम ‘स्थानिक’ का असतं?

एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. तरंगलांबी काढायचं सूत्र तुम्हाला माहीत आहे. प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता. ९४.६ मेगाहर्ट्झसाठी ३०० ला ९४.६ ने भागा. उत्तर येतं साधारण ३.१७ मीटर.

आता आकाशवाणी नागपूरचं मध्यम लहरींवरचं केंद्र घ्या. त्याची वारंवारता ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ ५१३ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून, चढउतार ओलांडत दूरवर जाते. एफएमची तीन मीटरची लहर मात्र बहुतेक सरळ रेषेत जाते. मनोऱ्याची जिथपर्यंत ‘नजर’ पोहोचते, साधारण तिथपर्यंतच तिचा आवाज जातो.

त्यासाठी एक सोपं सूत्र आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. मनोरा १०० मीटर उंच असेल तर १० × ४.१२ = सुमारे ४१ किलोमीटर. हे सपाट जमिनीचं गणित झालं. मध्ये डोंगर आला की हिशोब बिघडतो.

हे आपल्याइतकं कोणाला कळणार? बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेलं आहे. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूरकडे गेलात की आपण पूर्णेच्या खोऱ्यात येतो. घाटावर स्वच्छ ऐकू येणारं एफएम घाटाच्या पायथ्याशी गायब होऊ शकतं आणि पुढे मोकळ्यावर परत पकडू शकतं. एसटीत बसून हे स्वतः तपासून पाहा.

पल्ला कमी असल्याचा एक फायदाही आहे. एकच वारंवारता दूरच्या दोन शहरांना वेगवेगळी देता येते, दोघांचा आवाज एकमेकांत मिसळत नाही. म्हणूनच एफएम हे मुळात त्या त्या गावाचं, शहराचं माध्यम आहे.

२) थोडा इतिहास : लहरी कोणाच्या?

भारतात एफएमची सुरुवात २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला (आजचं चेन्नई) झाली. तेव्हा प्रक्षेपण फक्त सरकारच्या आकाशवाणीचं होतं. १९९३ मध्ये आकाशवाणीने दिल्ली आणि मुंबईच्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना भाड्याने दिले. केंद्र सरकारचं, कार्यक्रम खाजगी, अशी ती व्यवस्था होती. १९९८ मध्ये ती थांबली.

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना घडली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात निकाल दिला. या निकालातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. त्याचा गाभा असा, की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची किंवा कोणा कंपनीची मक्तेदारी असू नये, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहे.

३) लिलाव आणि ‘विन’चा जन्म

१९९९-२००० च्या सुमारास केंद्र सरकारने खाजगी एफएमसाठी लिलाव काढला. त्याला ‘पहिला टप्पा’ म्हणतात. ४० शहरांत मिळून १०८ वारंवारता देऊ केल्या होत्या. जो जास्त बोली लावेल त्याला दहा वर्षांचा परवाना, असा नियम. चढाओढ एवढी झाली की मुंबईची बोली वर्षाला ९ कोटी ७५ लाख रुपयांवर गेली. शिवाय ही रक्कम दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होती.

बोली लावणारे पुष्कळ होते, पण पैसे भरायची वेळ आली तेव्हा अनेकांनी माघार घेतली. देशभरात १०८ पैकी प्रत्यक्षात सुरू झाली ती सुमारे वीसच केंद्रं. मुंबईत २००२ साली पाच खाजगी केंद्रं सुरू झाली : रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो ९२.५ आणि विन ९४.६. ‘विन’ चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं मिलेनियम मुंबई ब्रॉडकास्ट.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. लोकल गाडीत कानाला हेडफोन, रिक्षात डॅशबोर्डवर रेडिओ, दुकानात दिवसभर एफएम. आकाशवाणीच्या निवेदकांचं मोजूनमापून बोलणं ऐकलेल्या कानांना ही नवी ‘आरजे’ मंडळी वेगळीच वाटली. ती ऐकणाऱ्याशी मित्रासारखं बोलायची, फोन घ्यायची, चेष्टा करायची. ऐकणारे भरपूर होते. मग अडलं कुठे?

४) गणिताचा तास : परवान्याचा हिशोब

पाटी-पेन्सिल घ्या. पहिल्या वर्षी ९.७५ कोटी, दरवर्षी १५ टक्के वाढ. ही चक्रवाढीची उदाहरणं आपण सोडवतो तशीच आहे.

पहिलं वर्ष : ९.७५ कोटी
दुसरं वर्ष : ११.२१ कोटी
तिसरं वर्ष : १२.८९ कोटी
चौथं वर्ष : १४.८३ कोटी
पाचवं वर्ष : १७.०५ कोटी
दहावं वर्ष : सुमारे ३४.३० कोटी

दहा वर्षांची बेरीज जवळजवळ १९८ कोटी रुपये होते. पहिल्याच वर्षाचं शुल्क ३६५ ने भागलं तर दिवसाला अडीच लाखांहून जास्त पडतं. यात अजून एकाही निवेदकाचा पगार नाही, विजेचं बिल नाही, यंत्रसामग्री नाही, गाण्यांच्या हक्काचे पैसे नाहीत. उद्या सकाळी माईक सुरू करण्याआधी फक्त परवान्यासाठी एवढी रक्कम बाजूला काढायची.

आता उत्पन्नाची बाजू बघा. एफएम ऐकायला श्रोता पैसे देत नाही. कमाई फक्त जाहिरातींची. जाहिरातींचा बाजार दरवर्षी १५ टक्के वाढेलच याची खात्री कोण देणार? त्यातच एका शहरात पाच केंद्रं तोच बाजार वाटून घेत होती. खाजगी एफएमला बातम्या देण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे वेगळेपण दाखवायला जागा थोडी. पाचही जण साधारण तीच हिंदी सिनेमाची गाणी वाजवत होते. ‘गो ९२.५’ने इंग्रजी कार्यक्रमांवर भर देऊन वेगळी वाट धरून पाहिली.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे शेत ठोक मक्त्याने घेण्यासारखं झालं. पाऊस पडो न पडो, सोयाबीन चार क्विंटल होवो की आठ, मक्त्याची रक्कम ठरलेली, आणि ती दरवर्षी वाढत जाणारी. दोन वर्षं पीक साधलं नाही की माणूस कर्जात जातो.

५) शेवट, आणि उशिरा आलेला उपाय

पहिल्या टप्प्यातली केंद्रं तोट्यात जाऊ लागली. सरकारने २००३ मध्ये अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ‘ट्राय’ने शिफारशी दिल्या. जुलै २००५ मध्ये ‘दुसऱ्या टप्प्या’चं धोरण आलं. आता सुरुवातीला एकदाच प्रवेश शुल्क भरायचं आणि पुढे दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या साधारण ४ टक्के द्यायचे, त्याला एक किमान मर्यादा. समजा एखाद्या केंद्राचं वार्षिक उत्पन्न २० कोटी आहे. नव्या पद्धतीने त्याचं शुल्क ८० लाख. जुन्या पद्धतीने पाचव्या वर्षी १७ कोटी ५ लाख. मक्त्याऐवजी बटाई आली, असं समजा. पीक आलं तर दोघांना, बुडालं तर दोघांचं.

पण ‘विन’ला याचा उपयोग झाला नाही. नव्या टप्प्याची केंद्रं सुरू होण्याआधीच ९४.६ वरचा आवाज थांबलेला होता. ‘गो ९२.५’ही पुढे त्या नावाने राहिलं नाही. त्याचं ‘रेडिओ वन’ झालं आणि ते ९४.३ वर गेलं. मुंबईच्या पाच नावांपैकी मिर्ची, सिटी आणि रेड टिकली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाचही केंद्रांना नियम तेच होते. मग तीन नावं का टिकली? ज्यांच्या मागे मोठा उद्योगसमूह होता, त्यांना काही वर्षं तोटा सोसणं परवडण्यासारखं होतं. मिर्चीच्या मागे टाइम्स समूह होता. एखादं केंद्र तोटा किती दिवस सोसू शकतं, यावर त्याचं आयुष्य ठरलं. ऐकणाऱ्यांना ते आवडतं की नाही, याला त्या हिशोबात फार जागा नव्हती. केंद्र बंद पडलं म्हणजे ते वाईटच असणार, असा निष्कर्ष काढू नका.

६) मुंबईत हे आधीही घडलं होतं

मुंबईतच, ‘विन’च्या पंचाहत्तर वर्षं आधी असाच एक प्रयोग बुडाला होता. तो काळ एफएमचा नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. आपण २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन पाळतो तो यामुळेच. ती कंपनी खाजगी होती.

तेव्हा रेडिओ ठेवायला वर्षाला १० रुपयांचा परवाना लागायचा. त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला. पण रेडिओ संच महाग, घेणारे थोडे. १९२९ संपलं तरी देशभरातले परवाने आठ हजारांच्या आतच होते. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. लोकांनी प्रक्षेपण चालू ठेवण्याची मागणी केली आणि सरकारने ते आपल्याकडे घेतलं. त्यातूनच पुढे १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं.

दोन्ही गोष्टींची तुलना करा. १९३० मध्ये ऐकणारे कमी पडले म्हणून कंपनी बुडाली. ‘विन’च्या वेळी ऐकणाऱ्यांची कमतरता नव्हती, शुल्क जास्त पडलं. १९३० मध्ये केंद्र सरकारने चालवायला घेतलं, म्हणून मुंबईचा आवाज चालू राहिला. ‘विन’साठी तसं कोणी पुढे आलं नाही.

७) आता आपल्या जिल्ह्याकडे वळू

दुसऱ्या टप्प्यात ९१ शहरं निवडली गेली. त्यात आपल्या शेजारची अकोला, जळगाव, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) होती. बुलढाणा नव्हतं. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं, तेव्हा एक लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपर्यंत खाजगी एफएम नेण्याचं ठरलं.

त्याच वर्षीची जनगणना काढून बघा. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. तेरा तालुके. पण एक लाखाच्या वरचं शहर एकही नाही. खामगावसुद्धा थोडक्यात मागे राहिलं. म्हणजे पंचवीस लाख माणसं असूनही आपण त्या मोजमापात बसत नव्हतो, कारण मोजणी शहराची होती आणि आपण गावोगावी विखुरलेले.

‘विन’ची गोष्ट बुलढाण्यात का शिकायची, याचं उत्तर इथे आहे. मुंबईचा आवाज शुल्काच्या एका आकड्यामुळे थांबला. आपल्याकडे लोकसंख्येच्या एका आकड्यामुळे तो सुरूच झाला नाही. दोन्हीकडे निर्णय पहिलं गाणं वाजण्याच्या आधीच झालेला होता. लहरी सर्वांच्या मालकीच्या आहेत, हे वर लिहून घेतलेलं वाक्य पुन्हा वाचा आणि या दोन आकड्यांशेजारी ठेवून विचार करा.

८) मग वाट कोणती? सामुदायिक रेडिओ

एक वाट आहे. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही छोटं एफएम केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. इथे लिलाव नाही आणि कोटींची बोलीही नाही. यंत्राची ताकद कमी ठेवलेली असते, त्यामुळे पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत, असा नियम आहे. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला हा परवाना मिळत नाही.

महाराष्ट्रात याची उदाहरणं आहेत. पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. म्हसवड हे दुष्काळी माण तालुक्यातलं गाव, मोठं शहर नाही. तिथे जमलं, ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची.

तरी अडचण इथेही आहे. जाहिरातींना तासाला ठरावीक मिनिटंच मिळतात. सुरुवातीच्या नियमात ती पाच होती, नंतर वाढवली गेली. छोट्या पल्ल्यात जाहिरात देणारे दुकानदार तरी किती? म्हणून असं केंद्र उभं करण्यापेक्षा ते दहा वर्षं चालवणं अवघड. संस्थेला कायम खर्चाची तयारी लागते आणि गावाला ते आपलं वाटावं लागतं. कोणी तुमच्या गावात असं केंद्र सुरू करायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न ‘उद्घाटन कधी?’ हा विचारू नका. ‘तिसऱ्या वर्षीचा खर्च कोण करणार?’ हे विचारा.

९) बंद पडल्यावर काय उरतं?

वर्तमानपत्र बंद पडलं तर जुने अंक ग्रंथालयात सापडतात. शाळा बंद पडली तर हजेरीपट राहतो. रेडिओचं तसं नाही. सामुदायिक रेडिओच्या नियमात कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फक्त तीन महिने जपून ठेवायला सांगितलं आहे. त्यानंतर कोणी स्वतःहून जपलं तरच ते राहतं. बोललेलं हवेत विरून जातं, असं आपण म्हणतो. इथे ते अक्षरशः खरं आहे.

आपल्या वऱ्हाडी बोलीचा विचार करा. अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगितलं जातं. त्याची बातमी छापून येते. पण ते ऐकायला आलेला शेतकरी परत जाताना काय बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो, ते कोण जपतं? तुमच्या आजीचं जात्यावरचं गाणं, लोणारच्या सरोवराबद्दल तिने लहानपणी ऐकलेली गोष्ट, कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या आजोबांची आठवण, हे सगळं कोणत्याच वारंवारतेवर नाही. त्यासाठी परवाना लागत नाही. मोबाइलमधलं रेकॉर्डिंगचं बटण पुरेसं आहे.

लक्षात ठेवा

• एफएमची लहर सरळ रेषेत जाते, म्हणून ते स्थानिक माध्यम आहे.
• पहिल्या टप्प्यात ठरावीक आणि दरवर्षी १५ टक्के वाढणारं शुल्क होतं, दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाचा हिस्सा आला.
• ‘विन ९४.६’ २००२ मध्ये सुरू झालं आणि दुसऱ्या टप्प्याची केंद्रं येण्याआधी बंद झालं.
• तिसऱ्या टप्प्याची अट शहराच्या लोकसंख्येची होती, जिल्ह्याच्या नाही.

स्वाध्याय

१. मनोऱ्याची उंची ३० मीटर असेल तर सूत्राने पल्ला किती येईल? सामुदायिक केंद्राचा प्रत्यक्ष पल्ला त्याहून कमी का असतो?
२. ९.७५ कोटींवर १५ टक्के वाढ धरून सहाव्या आणि सातव्या वर्षाचं शुल्क काढा.
३. दिल्लीची पहिल्या टप्प्यातली बोली ७.१२ कोटी होती. तिचं तिसऱ्या वर्षाचं शुल्क काढा आणि मुंबईशी तुलना करा.
४. मक्ता आणि बटाई यांतला फरक घरच्या मोठ्या माणसांना विचारा आणि तो रेडिओच्या शुल्काला लावून दहा ओळी लिहा.
५. ‘एक लाख लोकसंख्येचं शहर’ या अटीऐवजी तुम्ही कोणती अट ठेवली असती? कारणासह सांगा.

उपक्रम

घरातल्या किंवा गल्लीतल्या साठीच्या पुढच्या एका व्यक्तीकडे जा. ‘काका, तुमच्याकडं पहिला रेडिओ कधी आला? त्यावर काय ऐकायचे तुम्ही?’ एवढंच विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका. त्यांची परवानगी घेऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करा. फाइलला तारीख, गाव आणि विषय असं नाव द्या. शाळेच्या संगणकावर एक प्रत ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवा. मार्चमध्ये आपण सगळ्यांचे आवाज वर्गात एकत्र बसून ऐकू.

तोपर्यंत रेडिओचा आकडा एकदा ९४.६ वर लावून बघा. काय ऐकू आलं, ते वहीत लिहून आणा.